पिवळ्या दगडाची भिंत

आबा, तुमचा गवंडीकामाचा ओळंबा मी इथं नेदरलँड्सला घेऊन आलेय. विमानतळावर तुमच्या नातीनं कपाळाला हात लावला. असू दे. इथली माणसं गोड बोलतात, आणि गोड बोलणाऱ्याची भिंत आधी तपासावी. तुमची नात आइंडहोवनला इंजिनिअर आहे, आणि तिला लिंबुर्गातलं एक जुनं दगडी शेतघर विकत घ्यायचंय. उद्या होय की नाही ते कळवायचंय.

परवा बघायला गेलो. मधे चौक, भोवती घर, गोठा, कोठार एकमेकाला चिकटलेलं, आणि आत शिरायला एकच मोठं दार. बाहेरच्या अंगाला खिडक्या दोन-चार. लपवायचं काही नसेल तर असं कोण बांधतं? दगड पिवळा, नखानं ओरखडा उठेल इतका मऊ. पोरगी म्हणाली, हा जमिनीखालून करवतीनं कापून काढतात, हवा लागली की घट्ट होतो. मी म्हटलं, "माझा बाप जन्मभर काळा दगड फोडत मेला, आणि इथं पाव कापल्यासारखा कापतात. बरं."

घरमालकीण म्हातारी. कॉफी दिली, एकेक बिस्किट दिलं आणि डब्याला झाकण लावलं. त्याचं काही नाही, इथली रीतच आहे. पण भिंतीवर बाहेरून जागोजागी लोखंडी पट्ट्या. भेग झाकलीय का विचार, मी पोरीला म्हटलं. म्हातारी हसली. आतल्या तुळया भिंतीला धरून राहाव्यात म्हणून बांधतानाच घातल्यात म्हणे. पहिल्या दिवसापासून जिला धरून ठेवावं लागतं, तिच्यावर मी का भरवसा ठेवू?

"आई, इन्स्पेक्शन झालंय. रिपोर्ट क्लीन आहे."

"ओळंबा लावला होता का त्यानं?"

"लेझर असतो त्यांच्याकडे."

"असू दे. मी वरच्या खिडकीत जाते, तू चौकात उभी राहा."

आठवतं, आबा? मी नऊ वर्षांची आहे. शाळा सुटलीय ती कायमचीच. गावात दवाखान्याची भिंत बांधायची चाललीय आणि तुम्ही मला वर चढवून ओळंब्याचा लाकडी ठोकळा भिंतीला टेकवून धरायला सांगता. खाली लोंबणारं वजन तुम्ही बघता. ठोकळ्यामागं माझं बोट राहतं, वजन भिंतीपासून बोटभर लांब दिसतं, आणि सरळ भिंत झुकली समजून तुम्ही दोन थर उतरवता. मग वर बघता. मारत नाही. म्हणता, "बोट काढ गं. आता हीच भिंत पुन्हा बांधायची." माझ्या लग्नात लोकांनी भांडी दिली, तुम्ही हा ओळंबा दिलात. सासरचे किती दिवस हसत होते.

परवा चौकात पोरगी वाकून वजनाकडे बघत होती. "आई, बोटभर लांब आहे गं. खरंच झुकलीय?"

"तुझ्या डोळ्यांनी बघ की."

तिचं तोंड उतरलं. त्या घरात माझी खोली कुठली, हेसुद्धा तिनं ठरवून ठेवलं होतं.  गाडी घराजवळ आल्यावर म्हणाली, नाहीच कळवते.  भाड्याच्या घरातून माणूस कधीतरी उठतो, आबा. हातभर जाडीच्या दगडी भिंतीतून उठून गावाकडं परत कोण येतंय?

आत्ता ती ऑफिसला गेलीय. जाताना ओळंबा पुसून टेबलावर ठेवून गेली. म्हणाली, "आजोबांनी वाचवलं." तो समोर आहे आणि मी तुम्हाला लिहितेय, कुठल्या पत्त्यावर टाकणार ते मला माहीत नाही. पोरीच्या हाती लागायच्या आत फाडून टाकीन.

परवा पहिल्यांदा मी ठोकळा नीट टेकवला होता. पोरगी अजून जिना उतरत होती. वजन दगडाला नुसतं टेकून राहिलं होतं, तुमच्या भिंतींना राहायचं तसं. बोट मी नंतर घातलं.