मामांच्या कागदावरचं शून्य

तीर्थस्वरूप मामांना थोरल्या भाचीचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुमचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो की उतरताना, हे मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत पण मी विसरले, तेव्हा दोन्ही बाजूंनी त्याची चौकशी केली असं समजावं. मामीला नमस्कार सांगावा. (तिला हे पत्र वाचायला द्यायला हरकत नाही. यातलं बरंचसं तिला माहीत आहे, पण ते पुढे येईल.) बसनं दोन तासांचा रस्ता असताना भाचीनं चार पानी पत्र का लिहावं, असं तुमच्या मनात येईल. त्याचं कारण असं, की समोर बसून तुम्हाला काही सांगायला गेलं की तुम्ही आधी चहा टाकायला सांगता, मग मी सहाव्या वर्षी भिंतीवरून पडले होते ती गोष्ट सुरुवातीपासून सांगता, आणि ती संपेपर्यंत माझी बस येते.

तर कामाचं. या महिनाअखेरीला मला एकोणीस देशांच्या पाखरांचे आकडे एकत्र करून पाठवायचे आहेत, आणि त्यात तुमचा बत्तीस वर्षांचा कागद ठेवायचा की गाळायचा, हे ठरायचं आहे. (लगेच चष्मा काढून ठेवू नका, पुढे वाचा.) तुम्ही अजूनही शेजाऱ्यापाजाऱ्यांना 'भाची ऑफिसात पाखरं सांभाळते' असं सांगता, म्हणून एकदा नीट लिहिते. आम्ही एकही पाखरू सांभाळत नाही. विजेच्या सामानाच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत, त्यात तीन टेबलं, एक गळका नळ आणि कागदच कागद. एकोणीस देशांतली तुमच्यासारखी हौशी माणसं दरवर्षी ठरलेल्या दोन रविवारी, त्याच रस्त्यानं, त्याच अकरा ठिकाणी पाच-पाच मिनिटं उभी राहून काय दिसलं, काय ऐकू आलं ते लिहितात. तेही साधे पक्षी. चिमणी, कावळा, पारवा. दुर्मिळ पक्ष्याच्या मागेपुढे कॅमेरे घेऊन माणसं धावत असतात, चिमणीची चौकशी करायला मात्र आम्हीच. हे सगळे कागद माझ्याकडे येतात आणि मी त्यांची मिळून एक रेघ काढते. रेघ वर गेली तर कुणी विचारत नाही, खाली गेली की सगळे माझ्याकडे बघतात.

ऐकायला सोपं वाटतं, पण एकोणीस देशांना एका ओळीत उभं करणं म्हणजे लग्नघरात सगळ्या आत्यांचा एकत्र फोटो काढण्याइतकं कठीण आहे. आमच्या शेजारच्या देशानं अकरा वर्षं जोड्या मोजल्या आणि आपण नग. परिणामी आपली चिमणी सीमा ओलांडून पलीकडे गेली की अर्धीच उरायची, आणि परत आली की पुन्हा अख्खी. त्यावर दोन जाडजूड अहवाल निघाले, त्यांच्याकडच्या हवेत काय बिघडलंय याचा शोध लागला, आणि मग एका बाईनं सहज फॉर्मची मागची बाजू वाचली. आणखी एका देशात मोजणारे गृहस्थ पाऊस असला तरी जायचे, कारण नियमात पावसात जाऊ नये असं लिहिलं होतं खरं, पण छत्री नेऊ नये असं कुठेच नव्हतं. असो. सांगायचा मुद्दा असा, की या सगळ्या गोंधळात ज्याच्याकडे बोट दाखवून मी 'असं मोजावं' म्हणते, तो कागद तुमचा आहे. बत्तीस वर्षं, एकही खाडा नाही. मामीचं ऑपरेशन होतं त्या रविवारीसुद्धा तुम्ही आधी पाण्याच्या टाकीपासून लाकडाच्या वखारीपर्यंत चालून आलात आणि मग दवाखान्यात गेलात. (मामी हे विसरलेली नाही.)

आता टाचणीकडे येते. बोटाएवढा, झुडपात लपणारा तो पक्षी, ज्याला बाकीचे अठरा देश आपापल्या अठरा नावांनी ओळखतात आणि आपल्या घरात त्याच्या टोचणाऱ्या बारीक आवाजामुळे तुम्ही टाचणी म्हणता. टाचणी डोळ्यांना सहसा दिसत नाही, ती कानांनीच मोजायची असते, हे मला तुम्हीच शिकवलंत. तुमच्या कागदावर सुरुवातीला टाचण्या सोळा, सतरा, पंधरा अशा होत्या. मग नऊ. मग चार. मग एक. आणि गेली दोन वर्षं शून्य. मागच्या महिन्यात मामीनं कळवलं, की यंदाचा पहिला रविवार मोजून आल्यावर तुम्ही दुर्बीण पुसून कपाटावर ठेवलीत आणि म्हणालात, आता काय मोजायचं. दोन दिवस धड जेवला नाहीत म्हणे. मला ते वाचून फार वाईट वाटलं, आणि त्याच तिरीमिरीत मी सभेला गेले.

सभा म्हणजे आमच्या सगळ्या देशांची वार्षिक सभा. मी तुमची रेघ पडद्यावर लावली आणि असं भाषण केलं, की पहिल्या रांगेतल्या दोघांनी रुमाल काढले. (एकाला सर्दी होती असं नंतर कळलं.) टाचणी वाचवण्याचा ठराव मंजूर होणार, तेवढ्यात आमचा नवा आकडेतज्ज्ञ उठला. वय सव्वीस, मिशा नुकत्याच ठरवलेल्या. त्यानं विचारलं, या गृहस्थांचे कावळे किती कमी झाले? मी म्हणाले, अजिबात नाही, उलट दोन वाढले. पारवे? तेवढेच. मग त्यानं तुमचे सगळे पक्षी आवाजाच्या पट्टीप्रमाणे ओळीनं लावून दाखवले. जाड आवाजाचे सगळे सुखरूप, आणि आवाज जसजसा बारीक, तसतसा पक्षी नाहीसा. त्यानं तुमचं वय विचारलं. मी म्हणाले, मनानं तरुण आहेत. तो अगदी नम्रपणे म्हणाला, ताई, पक्ष्यांना काही झालेलं नाही, यांचे कान तपासून घ्या. मी त्याच्यावर अशी तुटून पडले, की अध्यक्षांना चहाची सुट्टी आधी द्यावी लागली. माझ्या मामांचे कान, म्हणाले मी, दोन खोल्यांपलीकडून बिस्किटाचा पुडा उघडल्याचं ऐकतात.

त्याला खोटं पाडायचं म्हणून मी परवाच्या रविवारी सकाळी पावणेसहाला तुमच्या गल्लीत आले. (हो, आले होते. घरी आले नाही, याबद्दल नंतर रागवा.) मोजणीचे दोन रविवार असतात, आणि दुर्बीण कपाटावर ठेवली तरी दुसरा रविवार तुम्ही चुकवणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. सहाला तुम्ही निघालात, आणि शंभर पावलं मागे, हातात वही घेऊन मी. लपतछपत चालायचं हे वय नव्हे. तिसऱ्या ठिकाणी मी एका कुंपणाआड बसले, तर पलीकडच्या बाई झाडांना पाणी घालत होत्या. त्यांनी मलाही पाणी घातलं, झुडूप समजून की चोर समजून, हे मी विचारलं नाही. पाचव्या ठिकाणी एक कुत्रा माझ्या वहीवर भुंकायला लागला. तुम्ही गर्रकन मागे वळलात आणि मी पोस्टाच्या पेटीमागे बसले. तेव्हा मला काय आनंद झाला म्हणून सांगू, की बघा, ऐकू येतंय यांना! मग लक्षात आलं, कुत्र्याचा आवाज जाड असतो.

सातवं ठिकाण म्हणजे रेल्वे फाटकाजवळची तार. तुम्ही तारेखाली उभे राहिलात, घड्याळ पाहिलंत, डोळे मिटलेत. आणि मामा, तुमच्या डोक्यावर दोन हातांवर, तारेवर, उघड्यावर बसून टाचणी गात होती. जीव तोडून. पाच मिनिटं. तुम्ही डोळे उघडलेत, मान हलवलीत, आणि लिहिलंत. काय लिहिलंत ते मला इतक्या लांबूनही कळलं. मी माझ्या वहीत एक टाचणी लिहिली. अकरा ठिकाणी मिळून त्या दिवशी माझ्या वहीत चौदा टाचण्या झाल्या.

परत येताना मामीला बाजारात गाठलं, तेव्हा तिनं किटल्यांचं सांगितलं. शिट्टीच्या तीन किटल्या वर्षभरात तळापासून जळाल्या, आणि तिन्ही वेळा तुम्ही दुकानदाराशी भांडून आलात, की हल्लीच्या किटल्या वाजतच नाहीत. मला हसूही आलं आणि रडूही आलं. तुम्ही दोन वर्षं ज्यांच्यासाठी झुरताय, मामा, ते पक्षी तुमच्याच डोक्यावर बसून गाताहेत.

बाकी सर्व क्षेम. ऑफिसातला नळ अजून गळतो. गुडघ्याला जपावं, कपाटावरून दुर्बीण काढताना स्टूल मामीला धरायला सांगावं, हीच विनंती.

आपली आज्ञाधारक (बहुतेक वेळा) थोरली भाची

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. आकडेतज्ज्ञ म्हणतो, कानाच्या डॉक्टरांचा तपासणीचा कागद मिळाला तर तुमची बत्तीस वर्षं ठेवता येतील. फक्त टाचणीसारख्या बारीक आवाजांपुढच्या घसरत्या आकड्यांच्या आणि शून्यांच्या जागी 'माहीत नाही' लिहायचं. आमच्या कामात शून्य आणि माहीत नाही यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्यासाठी येत्या गुरुवारी अकराची वेळ घेतली आहे. कागद महिनाअखेरीच्या आत हवा, नाहीतर सगळाच गाळावा लागेल, आणि ते माझ्या हातून होणार नाही.

दुसरा ता. क. : कानात यंत्र लावलंत तर पुढच्या वर्षी तुमच्या कागदावर टाचण्या एकदम शून्याच्या पंधरा होतील आणि अठरा देश मला विचारतील, की तुम्ही नेमके कोणते उपाय योजलेत. काय उत्तर द्यायचं ते तुम्हीच सुचवा.

तिसरा ता. क. : सभेत चहानंतर काय झालं ते लिहिणार नव्हते. आकडेतज्ज्ञानं टेबलावर एक पेटी ठेवली आणि म्हणाला, यात टाचणीचा आवाज आहे, ज्यांना ऐकू येईल त्यांनी हात वर करा. त्यानं बटणावर बोट ठेवलं आणि सगळ्या सभेनं कान टवकारले. एकोणीस देशांचे आम्ही सगळे मुरलेले, चष्मेवाले, पिकल्या केसांचे. आधी अध्यक्षांनी हात वर केला, मग बाकीच्यांनी. अर्ध्या मिनिटात हॉलभर हात झाले. मग तो म्हणाला, मी अजून बटण दाबलेलं नाही. मामा, त्या हातांत माझाही एक होता. नंतर त्यानं खरंच बटण दाबलं, तेव्हा मात्र मी हात वर केला नाही. त्या रविवारच्या माझ्या चौदा टाचण्यांतल्या आठ मला दिसल्या होत्या, ऐकू आलेल्या सहाच, आणि न ऐकू आलेल्या किती हे मलाही माहीत नाही. डॉक्टरांकडे सव्वाअकराची वेळ माझ्या नावावर आहे. मला एकटीला जायची भीती वाटते. तुम्ही बरोबर या.