राईसमोरच्या राहुट्या

२ नोव्हेंबर १९६३
वर्गात आज सरांनी विचारलं, बी. ए. झालात, मग लोकसंघटक व्हायला का आलात? बाकीच्यांनी सेवा, देश वगैरे सांगितलं. मी म्हटलं, झाडं वाचवायचीत. अर्धंच खरं. क्षेत्रकामाला स्वतःचंच गाव मागितलं. मिळालं!

१९ नोव्हें.
गावी. बापू मानकरी देवळाच्या पायरीवर. 'इलंस रे? बरा झाला.'
बरा झाला म्हणे! मागल्या गावपळणीत देवाच्या कौलाने सगळं गाव घरं सोडून काही दिवस वेशीबाहेर, तेव्हा ठेकेदाराने देवराई तोडायला घेतली. कुऱ्हाडी ऐकून बाबा एकटे आत धावले, निम्मी राई वाचली. पण परतायचा कौल नसताना गावात पाऊल टाकलं म्हणून ह्याच बापूने त्यांना वाळीत टाकलं. बाबा गेले तेव्हा खांदा द्यायला मसुऱ्याहून मामा आले. गावातलं कुत्रं फिरकलं नाही.

२७ नोव्हें.
ठे. पुन्हा येतोय. (त्याचं नाव लिहून वही बाटवणार नाही.) परवाना वाळक्या झाडांचा, तोडणार ओली. राई गेली की झरा जाणार, खालच्या वाडीच्या विहिरी आटणार. बैठक घेतली. सगळ्यांनी माना डोलावल्या नि घरी गेले.

६ डिसें.
गावपळणीचा कौल झाला. ठे. ह्याचीच वाट बघत असणार. मी सुचवलं, यंदा राहुट्या खाडीकडे नकोत, वेशीवरच्या व्हाळापलीकडे, राईसमोर घालू. ओढ्याचं पाणी जवळ, गुरांना चारा. लगेच पटलं. ऐका आता कुऱ्हाडी मेल्यांनो, बसल्या जागी ऐका!
आईने ओळखलं. 'ह्या तू झाडांसाठी करतंस काय बापाशीसाठी?'
'दोन्ही.'
'दोनय जमाचा नाय, झिला.'

१४ डिसें.
राहुट्या पडल्या. पोरं खूश. ठे. अजून नाही. येऊ नये असं वाटायला हवं. मला वाटतं, ये रे बाबा.

१५ डिसें.
आला. सगळे पेज जेवत होते, कुऱ्हाडी सुरू झाल्या. पहिलं झाड पडलं तशी खालच्या वाडीची काशीबाई ओरडली, 'आमच्या पाण्याचा काय?' सगळे बापूंकडे, बापू माझ्याकडे. 'तू शिकलंस मां? सांग, काय करूचा?'
सांगता आलं असतं. सगळं गाव एकदम आत उतरलं तर वाळीत कोण कोणाला टाकणार? जिभेवर होतं. म्हटलं, 'तुमीच सांगा. माझ्या बापाशीक सांगितलात तसा सांगा.'
म्हातारा पांढराफटक. मग चपला काढून व्हाळाच्या कडेला गेला, हात जोडून देवाला गाऱ्हाणं घालायला लागला. त्यात बाबांचं नाव घेतलं, चूक कबूल केली, सगळ्यांदेखत. इतकी वर्षं मला हेच हवं होतं. पलीकडे दुसरं झाड पडलं.

दुपार. कुऱ्हाडी थांबल्यात, जेवत असतील. बापू उन्हात तसेच उभे. लोक माझ्या तोंडाकडे बघताहेत. ती माणसं उठायच्या आत बोलायला हवं. पण अजून पोट भरत नाही माझं. उभा राहू दे म्हाताऱ्याला आणखी थोडा.