सोफीसाठी पांघरुणं

११ मे, संध्याकाळ
…आणि शेवटचं रोपही खिडकीतून उचलून वाफ्यात लावलं. कंबर धरली, पण प्लॅन चोख. बायको, फ्राउके, बजावून गेली होती, मी येईपर्यंत टोमॅटोला हात लावायचा नाही. बी तिच्या वडिलांचं. ते हिवाळ्यात गेले. ती त्यांचं घर आवरायला तिकडे उत्तरेत, हूझुमला गेली आहे. शुक्रवारी येईल, वाफा बघेल, गप्प होईल.
ज्यांच्या सणाला मे महिन्यातही दव गोठतं, ते थंडीचे संत आमच्या उत्तरेच्या किनाऱ्यावर तीनच. आज मामेर्टस, उद्या पांक्राझ, परवा सर्वात्स. घरातली सगळी पांघरुणं रोपांवर घातली. मी कोटात झोपेन.

१२ मे
नाक चोंदलं. रोपं ठणठणीत. शेजारच्या आफ्राबाई कुंपणावरून म्हणाल्या, काय दर्यावर्दी, बव्हेरियातला पहिलाच वसंत ना? जरा दमानं घ्या. हसलो. वाद घालत नाही.

१३ मे
आफ्राबाई पुन्हा. म्हणाल्या, शुक्रवारी सोफी येतेय, पांघरुणं लागतील, ध्यानात ठेवा. फार थंड बाई आहे म्हणे.
भाची असावी. पाहुणी यांची, पांघरुणं आमची, आणि मागायचं हे असं आडून. असो. नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही.

१४ मे
तिन्ही संत गेले. पांघरुणं झटकली, उन्हात घातली, घड्या करून आफ्राबाईंच्या बाकावर ठेवली. त्या चर्चला गेल्या होत्या. वर चिठ्ठी: सोफीसाठी.
संध्याकाळी फ्राउकेचा फोन. बाबांनी बियांचे डबे कधीच वाटून टाकलेत, म्हणाली. आता तुझ्याकडची रोपं तेवढी. म्हटलं, निर्धास्त ये.
वारा पडलाय. आकाश लख्ख. बोटं गारठली आहेत, पण ते वयामुळे.

१५ मे, सकाळ
गवत पांढरं. रोपं काळी, उकडलेल्या पालकासारखी.
आफ्राबाईंच्या वाफ्यावर आमची पांघरुणं, खाली त्यांचे टोमॅटो हिरवेगार. त्यांनी मनापासून आभार मानले. विचारलं, तुम्ही तुमच्या रोपांवर काय घातलंत? मी विचारलं, सोफी पोचली का? त्या हळूच म्हणाल्या, अहो, संत सोफी. आमच्याकडे थंडीच्या संतांत सगळ्यात शेवटी तीच येते. पहाटे येऊन गेली.
पांघरुणं परत आणली. वाफ्यावर घातली. फ्राउकेला सांगेन, अजून थंडी आहे, दोन दिवस उघडू नकोस.

दुपार
फ्राउके आली. बॅग खाली न ठेवताच एक पांघरूण उचलून बघितलं. मग पुन्हा नीट झाकलं, कडा आत दुमडून.

१६ मे
सकाळी ऊन. पांघरुणं आम्ही दोघांनीही काढली नाहीत.