मले आणि मला

११ जानेवारी १९५८
ढाणकीहून बैलगाडीनं निघालो, दिवस मावळायच्या आत जंगल मोजणीच्या तळावर पोचलो. पुण्याची कोंदट कचेरी सुटली म्हणून इतका खूश आहे की दुखणारी पाठसुद्धा गोड वाटतेय. आम्ही चौघं: मोजणीदार पुंडलिकराव, साखळी ओढणारे फुलसिंग आणि धावजी, आणि मी कारकून.

तळाभोवती दोर बांधलाय. जंगलातून कुणी एकटा परतला तर त्याला दोराबाहेर थांबवून बोलतं करायचं, असा पुंडलिकरावांचा नियम. म्हणाले, इथलं 'ते' आपल्या माणसाचं रूप हुबेहूब घेते, पण बोली त्याले जमत नाही, पुस्तकावानी बोलते. "तुम्ही त सदाच तसे बोलता. तुमची पारख कशी करू? एकटे कुठी जाऊ नका." मी पोट धरून हसलो.

१९ जानेवारी
फुलसिंगला यवतमाळात शिपाई व्हायचंय. तिथं हसतील म्हणून त्याला गुपचूप शुद्ध बोलायला शिकवतोय. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, इथं वऱ्हाडी, आता ही तिसरी. कागदावर मोठ्या अक्षरांत 'मला' लिहून दिलं, ते तो खिशात बाळगतो. त्यानं पुंडलिकरावांची पारखच मोडते; त्यांना कळलं तर माझी नोकरी जाईल.

२४ जानेवारी
दुपारी फुलसिंग वाट चुकून एकटाच परतला. पाय रक्तानं माखलेला. दोराशी थांबवलं. शाबासकी मागावी तसा माझ्याकडे बघत म्हणाला, "मला पाणी द्या."

धावजीनं दगड उचलला. हा कधी असं बोलला होता का, पुंडलिकरावांनी मला विचारलं. मी मान हलवली. नाही. नोकरी जाईल म्हणून घाबरलो, दुसरं काही नाही. दगड मारून हाकललं त्याला. मला "बाबूजी, बाबूजी" हाका मारत नाल्याकडे गेला. मी तंबूत जाऊन बसलो. लाज वाटते लिहायला.

२५ जानेवारी
सकाळी फुलसिंग आला. "मले पानी द्या न." पुंडलिकरावांनी त्याला मिठी मारली. माझाही जीव भांड्यात पडला. मग पाय पाहिला — साधं खरचटलेलंसुद्धा नाही.

२७ जानेवारी
राहवलं नाही. एकटाच नाल्यावर गेलो. फुलसिंग तिथं पडलाय. तोच रक्तानं माखलेला पाय. मुठीत माझा 'मला'चा कागद. म्हणजे तळावर आहे ते 'ते', बोलीही शिकलेलं. मी मारलं त्याला, मी —

दुपार. एकटा परतलो म्हणून दोराबाहेर थांबवलंय, तिथंच बसून लिहितोय. सगळं कबूल केलं, पण माझ्या तोंडून ते पुस्तकीच — धावजीच्या हातात दगड.

पुंडलिकरावांनी आतल्या फुलसिंगला विचारलं, हे आपलेच बाबूजी का. त्यानं मान हलवली. नाही. अगदी माझ्यासारखी —

मला