तुझ्या जागी आलेल्या गायकाबद्दल

प्रिय उस्ताद,

मराठीत लिहितेय. तुला कळायचं नाही, पण तुझी गाणी तरी मला पहिली दोन वर्षं कुठे कळत होती? आपलं अडलं का काही?

आज सकाळी क्लासला निघताना लेकीने मोबाईल पुढे केला. तुझ्या बँडने नवा गायक घेतला! तुला देवाघरी जाऊन अजून वर्ष झालं नाही. त्याच्या आवाजात तुझंच एक गाणं टाकलंय आणि हिवाळ्यात पुण्याला कार्यक्रम आहे. "आई, वाईट नाही गं गात तो," लेक म्हणाली. मी न ऐकताच तिच्या हातात डबा दिला आणि स्कूटी काढली. दिवसभर पोरांना फिजिक्स शिकवलं, पण राग काही उतरेना. मधल्या सुट्टीत त्या गाण्याखाली एक सणसणीत शिवी टाइप केली. मग पुसली. मास्तरीण पडले ना!

आपली ओळख लातूरच्या एका होस्टेलात झाली, तुला न सांगताच. मी रेणापूरहून बारावीला आलेली, पहिल्याच चाचणीत सपाटून मार खाल्लेली. माझं रडणं थांबेना म्हणून शेजारच्या कॉटवरच्या मुलीने वॉकमनचे इअरफोन माझ्या कानात कोंबले. मेटल नावाचं संगीत असतं हेही मला माहीत नव्हतं. तू जीव तोडून ओरडत होतास, आणि मला वाटलं, माझ्या वाटचंही हाच ओरडतोय. त्यानंतर एकही पेपर मी तुझ्याशिवाय दिला नाही.

पुढे तुम्ही मुंबईला आलात. मी आले नाही. गाणं ऐकायला मुंबईला जाते, हे अप्पांना सांगायची हिंमतच झाली नाही. केवढा मूर्खपणा! माझे वडील स्वतः गाणारे. नंतर एकदा तुझं गाणं त्यांच्या कानावर पडलं, तर हसलेसुद्धा नाहीत. "एवढ्या जिवाच्या आकांतानं कुणाला हाका मारायलाय ह्यो?" एवढंच विचारलं.

गावच्या सप्ताहात तीस वर्षं पहाटेची वीणा अप्पांच्या गळ्यात असायची. आमच्याकडे सात दिवस वीणा जमिनीला टेकवत नाहीत. एक थकला की दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. वय बघत नाहीत.

यंदा श्रावणात अप्पांचा आवाज बसला तो बसलाच. त्यांनी पहाटेची वीणा गावातल्या एका ट्रॅक्टरवाल्याच्या गळ्यात घातली आणि वाकून त्याच्या पायाला हात लावला. माझ्या लेकीइतकाच कच्चा होता तो गाण्यात! एक अख्खं कडवं विसरला. घरी आल्यावर मी अप्पांवरच चिडले. तुम्हाला काहीच कसं वाटत नाही, म्हणाले.

"दुखतंय की," अप्पा म्हणाले. "पर वीणा भुईला टेकली असती तर लई दुखलं असतं."

आज क्लास सुटल्यावर हे आठवलं. स्कूटीवर बसूनच ते गाणं लावलं. खरं सांगू? तो घाबरलाय. तू जिथे सूर ताणायचास तिथे तो श्वास घेतो. पण तुझी नक्कल करत नाही. पुन्हा लावलं. मला आवडलं रे उस्ताद, आणि आवडलं म्हणूनच रडू आलं. रागावलास का?

पण मीही रागावलेय. असा कसा रे मधेच निघून गेलास? पुढच्याच्या गळ्यात वीणा घालायची राहूनच गेली ना! तो बिचारा कुणी न देताच ती घेऊन उभा आहे.

म्हणून मी पुण्याला जाणार आहे. अप्पांना सांगून, लेकीला सोबत घेऊन. तो स्टेजवर आला की तुझ्या वतीने त्याच्यापुढे वाकेन, हा शब्द देते. मेटलचं गाणं सुरू झालं की तिथे तालावर सगळ्यांच्याच माना जोरजोरात खाली जातात, त्यामुळे लाजायचं कारण नाही. माझी कुणाच्या वतीने गेली, ते आपल्या दोघांनाच ठाऊक.

तुझी,
होस्टेलात रडणारी ती