दिव्यांच्या माणकीचं काय केलंत

कोची, ४ ऑगस्ट २०२५

सौ. प्रिया वहिनीस,
तनयाचा सा. न. वि. वि.

फोनवर माझा आवाज चढेल आणि तू फोन आईकडे देशील, म्हणून लिहिते. दादा म्हणाला, श्रावणासाठी फ्रीज धुताना माझा डबा तू फेकलास. वहिनी, त्यातली माणकी, म्हणजे ते स्क्विड, जेवणातलं नव्हतं. तिच्या पोटाला बारीक दिवे असतात. दिवसा ती खोल काळोखात राहते, रात्री वर येते आणि वरून पडणाऱ्या चांदण्याइतकाच उजेड पोटाखाली लावते, म्हणजे खालच्या मोठ्या माशाला तिची सावली दिसत नाही. आपल्या केरीसमोरच्या समुद्रात ती सापडते हे आमचे सर मानत नाहीत. मेमध्ये दादाच्या जाळ्यात आलेली ती एकच माझा पुरावा होती. प्रबंधातलं ते प्रकरण आता गेलं. तुझा श्रावण मात्र नीट पाळला गेला.

लोभ आज मागत नाही.
तनया

केरी, ११ ऑगस्ट

चि. तनया हिस अनेक आशीर्वाद. रागातही देते, पद्धत आहे म्हणून.

विचारायच्या आधीच शिक्षा सुनावलीस, छान केलंस. पावसात वीज गेली की बर्फ आणून तो डबा मीच जपला. श्रावण लागणार म्हणून शेजारच्या फिलोमिनाबायच्या फ्रीजात ठेवून आले. श्रावणाच्या आदल्या दिवशी तुझे दादा दोस्तांबरोबर तेरेखोल नदीच्या मुखाशी गरी टाकून बसले होते. आमिष संपलं, तसे तिच्याकडून डबा घेऊन गेले. तिनं काल सांगितलं तेव्हा मला कळलं. ह्यांना विचारलं तर म्हणतात, "एक माणकी गेली, कितें जालें मगे?"

त्या गरीला तांबोशी लागली. मीच रवा लावून तळली. आईंनी दोनदा मागून घेतली. आणि वर ह्यांनी तुला नाव माझं सांगितलं! अंगाचा नुसता तिळपापड होतोय.

माझाही लोभ तूर्त आटलाय, तरी चवथीला ये.
प्रिया

कोची, १८ ऑगस्ट

रुद्रेशदादा,

नमस्कार लिहायला हात धजत नाही. माणकी गेली ते मी कसंबसं गिळलं असतं, वहिनीचं नाव पुढे केलंस ते गिळणार नाही. सरांना तू स्वतःच्या हातानं पत्र लिही, की बहिणीचा पुरावा मी आमिष म्हणून गरीला लावला. वहिनीसमोर बसून लिही. ती वाचेल, आणि मगच पाकीट बंद होईल.

तुझी, सध्या नावापुरती बहीण,
तनया