काकांच्या कॉम्प्युटरचं कुलूप

मंगळवार, संध्याकाळ

मावशीकडचा जुना विंडोजवाला कॉम्प्युटर घरघरतोय, कधीही बंद पडेल. काका गेले, त्यांनी म्हटलेली भजनं त्यातच आहेत. ती माझ्या लिनक्सवाल्या लॅपटॉपवर घ्यायची, तर नेटवर्कवरून तो मला आत घेईचना. वायरच खराब असेल म्हणून नवी आणायला रविवार कारंजाच्या चौकात गेलो आणि मिसळ खाऊन वायर न घेताच आलो.

"भटक्या, पोट बरं विसरत नाहीस!" मावशी म्हणाली.

मग कळलं, काकांच्या खात्याला पासवर्डच नाही, आणि बिनपासवर्डच्या खात्यात विंडोज नेटवर्कवरून कुणाला घेत नाही. टाकू का विचारलं, तर म्हणे, "घरातल्या घरात कसलं कुलूप? त्यांनी कधी लावलं नाही."

कसंबसं लावू दिलं. भजनं आली. पहिलं ऐकून तिनं डोळे पुसले.

"झालं ना रे? आता काढ ते कुलूप."

काढलं. कॉम्प्युटर बंद करायला गेलो, तर ती घरघर मात्र तिनं बंद करू दिली नाही.